सत्तावीस नियमांच्या बाई

चूक करायची लेखी परवानगी देणारी शिक्षिका अख्ख्या रायपुरात एकच होती, आणि ती ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात आमच्या घरापासून चौथ्या दारात एकटी राहायची. माझी मुलगी रेवा नववीत गेली त्या वर्षी तिला बीजगणित शिकवायला ह्याच बाई आल्या. पहिल्याच दिवशी रेवा दोन झेरॉक्स पानं घेऊन घरी आली. वर्गाचे नियम, एकूण सत्तावीस, सगळे बाईंच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. नियम हिंदीत होते, पण ती हिंदी थेट अमरावतीहून गाडीत बसून आल्यासारखी वाटत होती. पहिलाच नियम असा, की वर्गात चुकायला परवानगी आहे, खोडरबर आणायला नाही. चुकलेल्या ओळीवर एकच तिरपी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. उशीर झाला तर दारात उभं राहून परवानगी मागायची नाही, मुकाट्यानं येऊन बसायचं, कारण बोलण्यानं गणित तुटतं. नुसत्या उत्तराला शून्य. परीक्षेत चुकलेलं गणित पुन्हा सोडवून आणलं आणि आधी का चुकलं ते एका वाक्यात लिहिलं, तर निम्मे गुण परत. शेवटचा नियम आम्हा पालकांसाठी होता. पालकांनी गणित सोडवून देऊ नये, शेजारी बसावं, चहा प्यावा. मी हसत हसत खाली सही ठोकली.

बाईंचं वैशिष्ट्य असं, की शाळा सुटली तरी त्यांचे नियम सुटत नसत. एकदा गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात भेटल्या. समोर स्टीलच्या डब्यांची रास, आणि बाई प्रत्येक झाकण प्रत्येक डब्यावर बसवून बघत होत्या. दुकानदार कावला होता. "दीदी, सब एक ही नाप के हैं!" म्हणाला. "बोलने से नहीं होता भैया, करके दिखाओ," बाई म्हणाल्या. पाऊण तासानं खरोखरच एक झाकण न बसणारं निघालं. बाईंना झालेला आनंद असा, की दुकानदारही हसला आणि त्यानं आमच्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, "बाई, एवढ्यासाठी पाऊण तास?" तर त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यानं 'सब' म्हटलं ना! सब म्हटलं की तपासाच लागते." वर्गात पोरं एक्सला बिचकायची, तर बाई सांगायच्या, की अरे, पाऱ्यात नवीन राहायला आलाय तो, अजून नाव सांगून नाही राहिला, एवढंच. रेवा ते घरी येऊन नक्कल करून सांगायची आणि आम्ही सगळे हसायचो.

हे हसणं सहामाहीपर्यंत टिकलं. रेवाला ऐंशीपैकी एकतीस मिळाले. उत्तरं बहुतेक बरोबर होती, पण कोचिंगमध्ये शिकवलेल्या झटपट युक्त्यांनी काढलेली, पायऱ्या गायब. रेवा स्वतः फारशी दुःखी नव्हती. "फिर से करके दूँगी तो आधे वापस मिलेंगे," म्हणाली आणि वही घेऊन बसली. दुःखी मी झालो, कारण माझ्या कचेरीतल्या दोघांची मुलं त्याच वर्गात होती आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा खाताना माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. त्यांच्याही मुलांना कमीच पडले होते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलं, की शाळेच्या संचालकांकडे तक्रार करायची. मसुदा कोण करणार? माझा सगळा जन्म सरकारी टिपणं लिहिण्यात गेला. माझ्या कार्यालयीन हिंदीची कीर्ती मोठी. मी बसलो आणि तासाभरात दीड पान लिहून काढलं. खोडरबरावरच्या बंदीला मी 'मानसिक उत्पीड़न' म्हटलं. विद्यार्थ्यांचं मनोबल 'उत्तरोत्तर क्षीण' होत असल्याचं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते वाक्य मोठ्यानं वाचून स्वतःवर खूश झालो. सतरा पालकांनी सह्या केल्या. मी केली नाही. शेजारधर्म आहे, असं मी गटावर कळवलं, आणि सगळ्यांना ते पटलंही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या दारात. हातात माझाच कागद.

"भाऊ, मले बोलायची हिंदी येते, अर्जाची नाही येत," त्या म्हणाल्या. "हे उत्तरोत्तर क्षीण म्हणजे काय लिहिलं ह्यांनी? संचालकांनी उद्यापर्यंत उत्तर मागितलं. तुम्ही लिहून देता का?"

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. शब्दाचा अर्थ सांगितला. मग पेन काढून, माझ्याच तक्रारीला माझंच उत्तर लिहायला बसलो. बाई शेजारी बसून प्रत्येक आरोपाचं साध्या भाषेत उत्तर देत होत्या, आणि मी ते कठीण करत होतो. एका ठिकाणी त्या थांबल्या. म्हणाल्या, "पोट्ट्यांचं मन खरंच खचत असंल का हो भाऊ? तसं असंल तर माझं चुकलं म्हणून लिहा." मी ते लिहिलं नाही. पण 'नाही बाई, तुमचं काही चुकलं नाही' असंही माझ्या तोंडून निघालं नाही. रेवा पलंगावर बसून सगळं ऐकत होती. बाई गेल्यावर तिनं टेबलावर राहिलेला तक्रारीचा कागद उचलून वाचला.

"बाबा, ये भी आपने लिखा है ना? मेरी छुट्टी की अर्ज़ी जैसा है."

"अभ्यास कर," मी म्हटलं. तिनं कागद खाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

उत्तराचा उपयोग झाला नाही. संचालकांनी बाईंकडून नववी-दहावी काढून सहावी दिली. "सहावीत मी काय करू? तिथं बीजगणिताचं नुसतं तोंड दिसते," असं म्हणून बाईंनी राजीनामा दिला आणि रायपूरजवळच्या अभनपुरातल्या एका लहान शाळेत नोकरी धरली, तिथंच एक खोली घेतली. सामान नेणारा टेम्पो त्यांच्या दारात उभा होता, तेव्हा रेवानं मला अक्षरशः ढकलत तिकडे पाठवलं. बाई सामानावर बांधलेली दोरी तपासत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून, जमिनीकडे बघत, सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोरीची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "लिहिलं ते लिहिलं. तुम्हाले तसं वाटलं असंल. पण मंग सही काहून नाही केली?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि बाई पुढे जाऊन बसल्या.

त्यानंतर रेवानं कोचिंग सोडलं. बाईंना फोन करून तिनं स्वतःच ठरवलं, की दर रविवारी अभनपूरला जायचं, आणि स्कूटरवर नेऊन सोडण्याचं काम माझ्याकडे आलं. मी आत जात नसे. समोरच्या कडुनिंबाखाली दोन तास बसायचो. आतून बाईंचा आवाज यायचा, मधूनच रेवाचं हसू. बाई दारात दिसल्या तर मान हलवायच्या, एवढंच.

चैत्र संपता संपता ऊन फार तापलं. एका रविवारी रेवा बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम बोल रही हैं, लू लग जाएगी, अंदर बैठो." आत अभनपुरातल्या चार-पाच मुली चटईवर बसल्या होत्या. मी भिंतीशी जाऊन टेकलो. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वाक्यही तोडलं नाही. फक्त लिहिता लिहिता डावा हात मागे नेऊन टेबलपंखा माझ्या बाजूला वळवला. त्या वाऱ्यात बसायची मला लाज वाटत होती. तरी मी बसून राहिलो.