भोवरा सुटायची वाट

लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी, आमची खानदेशी अक्षय्य तृतीया. असोद्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, लिंबाला झोके लागले, आणि आमची बाई बंगालच्या उपसागरात, जहाजावर! समुद्राचा अभ्यास करते ती. फोनवर म्हणाली, "आई, इथल्या प्रवाहातून आपल्या जिल्ह्याएवढा भोवरा सुटणार आहे. त्याचीच वाट बघतोय."

"किती दिवसांनी सुटतो गं?"

"नेम नाही. कधी लवकर सुटतो, कधी महिनोन्महिने हूं की चूं नाही."

मला हे पटेना. आमच्या केळीला पिलं फुटतात त्याला हिशोब असतो. कापली की पंधरवड्यात पुन्हा हजर. एवढा मोठा समुद्र, आणि त्याला रीतभात नाही? मग तिनं सांगितलं, आधी प्रवाहाला बाक येतो, बाक फुगतो, त्याची मान बारीक होत जाते. आता तुटला म्हणावं, तर मेला पुन्हा चिकटतो.

मला नादच लागला. रोज सकाळी फोनवर विचारायचं, "मान बारीक झाली का?"

माझी मोठी जाऊ, अक्का, वैतागायची. "हाई काय भानगड शे? कोणाची मान?"

आखाजीची गौराई बसवली तेव्हा तिलाही सांगितलं, बाई, तेवढा भोवरा सोडव, माझी पोर घरी येऊ दे.

आखाजीच्या आदल्या दिवशी सांजोऱ्या तळत होते. फोन आला. "आई, सुटला!" मी झाऱ्यासकट अंगणात धावले. "अक्का, सुटला! पोर येतेय!"

फोनवर लेकीनं ते ऐकलं. मग म्हणाली, "आई, खरं काम आता सुरू झालं. तो जाईल तिकडे जहाज जाणार."

घ्या! नवस मीच केला आणि तोच माझ्यावर उलटला. भरल्या अंगणात रडले. पण जित्याची खोड, डोळे पुसता पुसता विचारलंच, "एकटाच कुठे जातो गं तो?"

"लांब जातो. पण आतलं पाणी तो निघाला तिथलंच असतं, कितीतरी दिवस."

"परत येतो?"

"काही येतात. प्रवाहाला पुन्हा मिळतात."

"कधी?"

"नेम नाही, आई."

आखाजी उलटली. गल्लीतले झोके निघाले. अक्का आमचाही सोडायला गेली, मी सोडू दिला नाही.