लाल जास्त झाला

गॅरेजमध्ये त्याला सगळे शेडमास्तर म्हणायचे, आणि तो त्या नावावर जाम खूश होता. ठोकर खाल्लेली गाडी आली की पत्रेवाले पत्रा सरळ करायचे, पुट्टीवाले घासत बसायचे, पण नव्या दरवाजाच्या रंगाची शेड जुन्या गाडीशी अशी जुळवायची की गाडीच्या मालकालाही सांधा दिसू नये, हे काम त्याचं एकट्याचं. बाकीचे लोक नमुन्याची पट्टी गाडीला लावून बघतात. हा? छे! गाडीभोवती एक चक्कर मारायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याने एकदा बघायचा आणि आत जाऊन डब्यात रंग ओतायला लागायचा.

"पट्टी कशाला? इथे आहे सगळं," असं म्हणून कपाळावर बोट आपटायचा.

तो डबा मग लंब्याकडे जायचा. लंब्या म्हणजे फवाऱ्याची बंदूक चालवणारा. उंच, हडकुळा, दिवसभरात चार वाक्यं बोलेल तर शपथ. पण हात असा सफाईदार की थर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळायचं नाही. दोघं डबा एकत्र खायचे. मास्तर बोलायचा, लंब्या ऐकायचा. जोडी मस्त जमलेली.

आणि मग एका उन्हाळ्यात मास्तरचा उजवा डोळा दुखायला लागला. बुबुळ फिरवलं की आतून कळ यायची. बायको म्हणाली, "दाखवून घ्या की."

"डोळ्याला काय धाड भरलीय? झोप कमी पडतेय," म्हणाला आणि विषय संपवला.

पण धाड भरलेली होतीच. त्या डोळ्याने सगळं धुरकट दिसायला लागलं, आणि लाल तर पार मेलेला. ताजा लाल त्याला विटेसारखा दिसायचा. हे सांगणार कुणाला? शेडमास्तरचा डोळा गेला म्हटल्यावर शेडमास्तर उरला काय! गप्प राहिला.

त्याच दिवसांत मालकाच्या खास गिऱ्हाइकाची गडद लाल गाडी आली, एक दरवाजा नवा बसवायचा होता. ही शेड तर मास्तरला तोंडपाठ. नेहमीसारखा डावा डोळा मिटला, डब्यात बघितलं. मेलेला. थोडा लाल ओतला. अजून मेलेला. अजून ओतला. लंब्याने मागून डोकावलं.

"मास्तर, एकदा पट्टी लावून बघू का?"

"तू बंदूक धर. डबा माझा."

रंग मारला, भट्टीत सुकवला, गाडी उन्हात काढली. आणि दरवाजा नुसता बोंबलत होता! अख्खी गाडी एकीकडे आणि तो दरवाजा एकीकडे.

मालकाने डोक्याला हात लावला. "हे काय आहे? गाडीला लिपस्टिक लावलीय का?"

सगळे मास्तरकडे बघायला लागले. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "डबा बरोबर होता. ह्याने हात जड मारलाय. थर जाड बसला की लाल उसळतो."

वाईट हे की असं खरंच होऊ शकतं. ह्या धंद्यातल्या कुणालाही ते पटलं असतं. लंब्याने हातातल्या बंदुकीकडे बघितलं, मग हाताकडे, आणि म्हणाला, "असेल. मास्तर म्हणतात म्हणजे असेल."

सुट्टी झाल्यावर मास्तरने उजवा डोळा मिटून डाव्याने डब्याच्या झाकणाला लागलेला रंग बघितला. एका नजरेत कळलं. लाल जास्त झाला होता. डब्यातच झाला होता. त्याने थिनरने डबा धुतला, झाकण धुतलं, आणि घरी जाऊन जेवला. जेवला! त्याला नंतर ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची, की त्या दिवशी त्याला भूकसुद्धा लागली होती.

लंब्याला मालकाने काढलं. मास्तरचा डोळा हळूहळू आपोआप सुधारला आणि त्याला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! पुढच्या उन्हाळ्यात पाय गेले. म्हणजे होते जागेवर, पण त्याचं ऐकेनात. ऊन वाढलं की मांड्या ओल्या वाळूच्या पोत्यासारख्या व्हायच्या. चालताना झोक जायचा. वॉचमन म्हणायचा, "काय मास्तर, सकाळी सकाळीच?" मेव्हण्याने तर गप्पा मारता मारता तोंडाचा वास घेऊन बघितला. एकदा संडासापर्यंत पोचायच्या आत पँट ओली झाली, आणि त्याने सगळ्यांदेखत अंगावर पाण्याची बादली पाडून घेतली, सांडली म्हणून सांगता यावं म्हणून.

शेवटी बायकोने ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं, शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर उलटते, नसांवरचं वेष्टण खाते, मग निरोप नीट पोचत नाहीत. कधी डोळ्याला, कधी पायाला. मग त्यांनी बाटलीचं लाल झाकण समोर धरलं.

"दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं?"

"उजव्याला अजून जरा फिकं."

"हा डोळा आधी कधी दुखला होता?"

मास्तर तिथेच ढसाढसा रडला. बायको पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, आजाराला घाबरला.

गॅरेज सुटलं. कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग ह्या आजाराच्या लोकांच्या मंडळात गेला. मंडळ चालवणाऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, स्वतः चाकाच्या खुर्चीत, आणि जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रडून झालं असेल तर बोला. बोलायला येतं ना? मग कामाला लागा."

आणि तो लागला! कारखान्यात, बाजारात, जिथे बोलावतील तिथे काठी टेकत जायचा आणि सांगायचा. की झोक जाणारा प्रत्येक माणूस प्यायलेला नसतो. की थकवा म्हणजे कामचुकारपणा नव्हे. त्याच्या बोलण्यामुळे हाच आजार असलेल्या एका बेकरीतल्या बाईला भट्टीसमोरून उचलून गार खोलीत पॅकिंगला बसवलं, आणि तिने फोनवर रडत रडत सांगितलं, "दादा, आज मी घरी चालत आले." सकाळी उठायला त्याला कारण मिळालं होतं.

लाल गाडीची गोष्टही तो सांगायचा. डोळा, झाकण, मेलेला लाल, सगळं. फक्त, "गाडी बिघडली, परत रंगवली," एवढं म्हणून पुढे सरकायचा. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजल्या की त्याला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटायचं.

असंच एकदा गॅरेज कामगारांच्या सभेत बोलत होता. हॉल भरलेला. गाडीच्या गोष्टीपर्यंत आला आणि मागे दाराला टेकून उभा असलेला उंच माणूस दिसला. लंब्या.

मास्तरने अर्ध्या वाक्यात माईक खाली केला. मंडळाच्या बाई बाजूला बसल्या होत्या, हळूच म्हणाल्या, "काय झालं? त्रास होतोय का? थांबवू?"

किती सोपं होतं! हो म्हणायचं, खाली बसायचं, आजार आहेच ढाल म्हणून. लोकांनी उलट पाणी आणून दिलं असतं. तोंड उघडलं तर मात्र आजवरचं सगळं बोलणं मातीत. खोटारड्याचं पुन्हा कोण ऐकणार?

"नाही," तो म्हणाला. आणि माईक पुन्हा वर घेऊन, "डबा माझा होता. लाल माझ्याकडून जास्त झाला. मी फवारेवाल्यावर ढकललं. त्याच दिवशी मला कळलं होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण चूक कुणाची ते माहीत होतं. त्याची नोकरी गेली. तो... तो तिकडे उभा आहे."

सगळ्या माना मागे वळल्या आणि लंब्या दार ढकलून बाहेर गेला.

मास्तर काठी टेकत मागे निघाला. लंब्या पायऱ्यांपाशी थांबला होता.

"मी बंदूक सोडली, मास्तर."

"कुणी काम दिलं नाही का?"

"देत होते की. मीच नाही धरली. मला वाटलं, हात गेला माझा. गाड्या धुतो आता." त्याने तळवे उलटसुलट करून बघितले. "तुम्ही म्हणालात ना. तुमचं कधी चुकायचं नाही."

मास्तरला उभ्या उभ्या जमिनीत जावंसं वाटलं. शरीराने आपल्याला दगा दिला म्हणून हा गावभर सांगत फिरत होता, आणि एका माणसाचा त्याच्या धडधाकट हातावरचा विश्वास ह्यानेच उडवला होता.

"माफ..." त्याने सुरुवात केली.

"मला नको सांगू," लंब्या पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला. "घरी चल. माझ्या बायकोला सांग. तिला वाटतं मी त्या दिवशी पिऊन कामावर गेलो होतो."

घर जवळच होतं, पण जिना होता. लंब्या पुढे चढत राहिला, मागे वळला नाही. मास्तर कठड्याला लोंबकळत, एकेक पाय हाताने उचलून वर ठेवत गेला. दार उघडणाऱ्या लंब्याच्या बायकोने त्याची काठी बघितली आणि लगेच खुर्ची पुढे केली.

"अहो, बसा बसा. किती दम लागलाय! पाणी आणू?"

"आधी ऐकून घ्या वहिनी," तो म्हणाला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ती नवऱ्याकडे बघत होती, परत ह्याच्याकडे.

"म्हणजे हे प्यायले नव्हते?"

"नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

आजाराबद्दल कुणी काहीही विचारलं तरी मास्तरकडे उत्तर तयार असायचं. इथे एकच होतं.

"लाज वाटली."

"आणि ह्यांना?" ती म्हणाली. "ह्यांना नसेल वाटली?"

मास्तर उभाच राहिला. खुर्ची तिने मागे घेतली नव्हती, पण बसा असं पुन्हा म्हणाली नाही.