फळीला पाय लागला

गेम बनवणाऱ्या कंपन्यांना बटणांचा कंटाळा आला असावा. कुणी खेळायला मासे धरायचा गळ देतं, कुणी ढोल. आमच्या लेकीने, मुक्ताने, परवा एक फळी आणली. तिच्यावर उभं राहून तोल सांभाळला, की पडद्यावरचा माणूस बर्फाचा डोंगर उतरतो. मुक्ता आणि बायको, दोघींचीही डोकी त्या उतारावरच्या एकाच फांदीवर आपटली होती.

"बाबा, तुम्ही खाली पोचलात तर आठवडाभर चहा आम्ही करू. नाहीतर तुम्ही!"

मी चढलो. घसरता घसरता आठवलं, आपण या नव्याकोऱ्या वस्तूवर चक्क पाय दिलाय. लहानपणची सवय; पटकन वाकून फळीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. पडद्यावरचा माणूसही वाकला. फांदी डोक्यावरून गेली!

"बाबाऽऽ, कसं जमलं?"

फळी बनवणाऱ्यांनी ती किती पायांवर तपासली असेल. पण तिची माफी मागणारा पाय त्यांना भेटला नसणार. या विचाराने माझी छाती फुगली. बायकोकडे बघायला मी ताठ झालो आणि दुसऱ्या फांदीने माझा कपाळमोक्ष केला.

"अहो, नमस्कार इतक्यात कशाला आवरलात?" बायको म्हणाली. "आता वाका पुन्हा. आलं खालच्या कप्प्यात आहे."