आत्याचा केक

कामावर लोसालीनला सगळे नावानंच हाक मारतात. सिडनीच्या पश्चिमेकडच्या त्या वृद्धाश्रमात ती कुणाची कुणी लागत नाही. हात हलका आहे, गाते छान, एवढं तिथं पुरतं. आणि ते तिला आवडतं.

पण भाचीच्या एकविसाव्या वाढदिवसाला, चर्चच्या हॉलमध्ये, ती फाहू असणार होती. फाहू म्हणजे बापाची थोरली बहीण, त्या दिवशी सगळ्या टोंगन गोतावळ्यात सर्वांत मोठी. उंच आसन तिचं, उत्तम चटया तिच्या, केकसुद्धा तिचाच.

आदल्या संध्याकाळी भाची मेलेआने दारात येऊन उभी राहिली. कायदा शिकणारी पोरगी, भांडायच्या तयारीनंच आलेली.

“आत्या, चटया आईनं विणल्या. बोटं सोलली तिची. आणि उद्या ती कुठे? स्वयंपाकघरात! पहिला तुकडा मी आईला देणार. नाहीतर मी येतच नाही.”

“बापाला सांगितलंस?”

“बाबा म्हणाले, आत्यासमोर बोलून दाखव.”

“भित्रा मेला लहानपणापासून,” इस्त्री फिरवत लोसालीन म्हणाली. “माझ्या लुपेच्या एकविसाव्याला मी कुठे होते, आठवतं? कांदे चिरत होते. चटयांवर लुपेची आत्या. आणि तुझ्या मामाच्या पोरीच्या वेळी तुझी आई बसली होती, राणीसारखी. प्रत्येकीचा दिवस येतो गं. उद्याचा माझा आहे. तो मी सोडणार नाही.”

“म्हणजे नाहीच ना?”

“तू ये तर खरी.”

मेलेआने हो-नाही न सांगता गेली. ती आली नाही तर भावाची मान भर हॉलमध्ये खाली जाणार होती. लोसालीननं तीच बाही पुन्हा इस्त्री केली.

मेलेआने आली. उशिरा, पण टोंगन रीतीप्रमाणे मानाची चटई कमरेला गुंडाळून. प्रार्थना झाली, केक लोसालीनपुढे ठेवला गेला, आणि मेलेआनेनं सुरी उचलली. भावानं मान खाली घातली.

लोसालीननं हात वर केला. फाहूचा शब्द बापसुद्धा मोडत नाही.

“वहिनीला बाहेर बोलवा.”

वहिनी ॲप्रनला हात पुसत आली. “वन्सं, हे काय भलतंच! लोक काय म्हणतील?”

“मी सांगितल्यावर कोण काय म्हणतंय? आ कर.”

मेलेआनेनं आईला तुकडा भरवला. भरल्या तोंडानंच वहिनी रडली, हसली आणि एकदम वळली. “डुक्कर करपेल माझं!”

मेलेआने तिला थांबवायला पुढे झाली, पण थबकली. आई स्वतःच्या राज्यात परतावं तशी चालली होती. मग पोरीनं गुडघे टेकून केक आत्याकडे सरकवला.

“बाकीचा तुझा, आत्या.”

“होताच,” लोसालीन म्हणाली.

सोमवारी तो केक तिनं वृद्धाश्रमात वाटला. नव्वदीच्या डग्लसनं विचारलं, “वाढदिवस तुझा?”

“भाचीचा.”

“मग केक तुझ्याकडे कसा?”

“मी तिची आत्या आहे,” लोसालीन म्हणाली, आणि त्याच्या हनुवटीवरचं क्रीम पुसलं.