आरशातली आत्याआजी

मुलांनो, सांगलीच्या कोपऱ्यावरचा तो फ्लेक्स मी तुम्हाला फोनवर पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनीही एकच विचारलंत, "आत्याआजी फोटोला कशी काय तयार झाली?" फोनवर हे नीट सांगून होत नाही. तुमची शाळेची घाई आणि माझी कुकर लावायची वेळ नेमकी एकच. म्हणून सुरुवातीपासून लिहूनच पाठवते.

आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. आजोबा तिला अक्का म्हणतात, मी वन्सं म्हणते. साताऱ्याकडच्या उसाच्या गावातून ती सांगलीला हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी गेली, पण बोलणं मात्र गावचंच ठेवलं. यंदा तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले, असं धरून घरचे त्याला ओवाळतात. हॉल ठरला, आचारी ठरला, पेठेच्या कोपऱ्यावर तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावायचंही ठरलं. आणि तिथेच सगळं अडलं.

"फोटू काढणार असशीला तर मी त्या दिवशी साताऱ्याला जाऊन बसंन," ती म्हणाली. ती खरंच बसली असती. नातवाच्या लग्नात फोटोग्राफर समोर येताच ती स्टेजवरून उतरून थेट जेवायला गेली होती. तिच्या सुनेचा मला फोन आला, अगदी रडवेला. "मामी, त्याच येणार नसतील तर ओवाळायचं कुणाला? तुम्ही फोटो छान काढता, तुमचं ऐकतील."

तुमच्या बाबाने दिलेला कॅमेरा पिशवीत घालून मी एसटीने सांगलीला गेले. आजोबाही आले. मदतीला नव्हे, मजा बघायला.

मी वन्संना झोपाळ्यावर बसवून फोटो काढला, खिडकीपाशी काढला, गॅलरीतल्या सकाळच्या कोवळ्या उजेडात काढला. प्रत्येक वेळी त्यांनी चष्मा लावून कॅमेऱ्यात पाहिलं आणि तोंड वाईट केलं.

"ही कोण बाई? हिचं तोंड वाकडं हाय. एक भुवई वर गेलीया. ही मी न्हाई."

"अक्का, तू अशीच आहेस. जन्मल्यापासून," आजोबा म्हणाले.

"तू गप रं. आधी तुझं थोबाड बघ जा."

मला तर त्या फोटोंत काहीच खोट दिसत नव्हती. रोजच्या वन्संच होत्या त्या. म्हातारपणचा नखरा म्हणून मी कॅमेरा पिशवीत ठेवणार होते, तेवढ्यात सुनेने स्वतःचा फोन पुढे धरला. "चला, आपण तिघी सेल्फी काढू."

पडद्यावर स्वतःला पाहून वन्सं खुलल्याच. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. "हां! ही बघ मी!" सुनेने बटण दाबलं, आणि निघालेला फोटो पाहून वन्सं ओरडल्या, "बदललं! ह्यानं पुन्यांदा बदललं!"

सून म्हणाली, "आई, फोन कशाला बदलेल?" पण त्यांचं बरोबर होतं. फोटो काढण्याआधी पडद्यावर आरशासारखं दिसतं. निघालेला फोटो मात्र समोरच्या माणसाला दिसतो तसा असतो.

मला आमच्या चित्रकलेच्या बाई आठवल्या. चित्र पूर्ण झालं की त्या ते आरशासमोर धरायला लावायच्या. इतका वेळ सरळ वाटलेला चेहरा आरशात साफ वाकडा दिसायचा. बाई म्हणायच्या, डोळ्याला सवय झाली की त्याला चूक दिसत नाही.

मी वन्संना हाताला धरून कपाटाच्या आरशासमोर नेलं आणि आरशात पाहिलं. त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या आरशातल्या चेहऱ्याकडे. आणि खरं सांगते, मी चपापले. भुवई भलत्याच बाजूला वर, हसू भलतीकडे ओढलेलं. इतक्या वर्षांच्या माझ्या नणंदेच्या जागी तिची कुणी चुलतबहीण उभी होती.

"काय बघतीयास?" त्यांनी विचारलं.

"वन्सं, आरशात तुम्ही मला वाकड्या दिसताय."

"आन मला सरळ!"

झोपाळ्यावरचा फोटो मी सुनेच्या फोनमध्ये घेऊन डावा-उजवा उलटवला. वन्संनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाल्या, "ही मी. हीच लावा फ्लेक्सवर."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सून फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवायला गेली आणि पाठवता पाठवता थांबली. "अगंबाई! मामी, पदर बघा." पदर उजव्या खांद्यावर गेला होता. नाकातली चमकीही उजवीकडे.

आजोबांना तेवढंच पुरे होतं. "वा! अक्काला गुजरातेत दिली वाटतं!"

वन्संनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरायला लावले आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आता पुन्हा नाही म्हणणार, असं वाटून सून माझ्याकडे बघायला लागली.

"म्हंजे तुमी समदी मला हीच बघत आलासा? ही वाकडी?"

"हीच," मी म्हणाले.

"आन ह्यांनी बी जन्मभर हीच बघितली?" ह्यांनी म्हणजे त्यांच्या यजमानांनी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"त्यांनीही हीच."

सून हळूच म्हणाली, "आई, आम्हाला ती वाकडी कधी दिसलीच नाही."

वन्संनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. आणि एकदम पोट धरून हसायला लागल्या. "आन मी आरशातल्या त्या भवानीला नटवत बसले गं! तिला कुणी बघितलंच न्हाई!" हसून हसून डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. "लावा, तुमची अक्का लावा कोपऱ्यावर. माझी माझ्या खोलीत लावा, कपाटाशेजारी. तिथं मी एकटीच बघणार हाय."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स लागला आणि आम्ही सगळे बघायला गेलो. समोरचा गुळाचा व्यापारी दुकानातून बाहेर आला. "आवं काकी, फोटू लय झ्याक आलाय! अगदी तुमीच!"

वन्संनी फ्लेक्सकडे तिरकं पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुला काय जातंय म्हणायला? तू मला समोरनंच बघितलंयस."