अण्णाचा नंबर

म्हैसूरहून येणाऱ्या सकाळच्या मोटारीचा ड्रायव्हर नरसीपूरला आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, तुमचे अण्णा गेले." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "पडले का?" तो बिचारा गोंधळला. विषमज्वराने गेला माझा भाऊ, लष्कर मोहल्ल्यातल्या घरात, अंथरुणावर. जन्मभर उडण्याचं वेड घेतलेल्या माणसाला मरणही जमिनीवरचंच मिळालं. महिना होत आला, पण माझा राग निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही रंगारी. रंगवलेलं लुगडं वाळवताना दोघांनी दोन टोकं धरून ते वाऱ्यावर फुगवायचं, ही घरची रीत. जमिनीला टेकलं की डाग पडतो. अण्णाचं लक्ष डागाकडे कधीच नसायचं. "गोदे, बघ कसं वर ओढतंय!" म्हणत टाचा उचलायचा आणि बाबांचा धपाटा खायचा. पुढे म्हैसूरजवळच्या हिनकलच्या माळावर काही साहेबलोकांनी आणि दरबारातल्या बड्या मंडळींनी ग्लायडरचा क्लब काढला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. एकजण आत बसतो, नाकाला अडकवलेला लांब रबरी दोर दोन्ही बाजूंनी माणसं ओढत धावतात, आणि गलोलीतल्या खड्यासारखं ते सुटतं. नियम असा की जो दोर ओढेल त्याला बसायचा नंबर मिळेल. अण्णाने दोर धरला. साहेबांचे पाहुणे, पाहुण्यांचे मेहुणे, सगळे बसून होईपर्यंत वारा पडायचा... तरी कधीतरी त्याचा नंबर लागला, तो उडायला शिकला, आणि त्या दिवसांत स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता एवढा हसायचा.

मग पंखांचं कापड फाटलं. कापड बदलायचं काम अण्णाने अंगावर घेतलं. ते ताठ राहायला विलायती रोगण लागतं, आणि ते बोटीने यायचं. अण्णाला धीर कुठला! आमच्यात कापड ताठ करायचं म्हणजे चिंचोक्याची खळ. देवाइतकाच तिच्यावर विश्वास. त्याने घरी खळ शिजवली आणि पंखांना दिली. उन्हात पंख नगाऱ्यासारखे वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिला मीच, म्हणून हट्टाने बसला. रात्रभर माळावर उघड्या पंखांवर दव पडलं होतं. ओलीने खळ मऊ पडते हे आमच्या पोरीबाळींनाही ठाऊक. पण आमचं कापड रात्री कधी उघड्यावर राहिलेलंच नव्हतं, त्यामुळे दवाचा विचार त्याच्या मनातसुद्धा आला नाही. वर गेल्यावर पंख ओल्या लुगड्यासारखे लोंबले. अण्णा पाय मोडूनच खाली आला.

चूक त्याचीच, मी नाकारत नाही. पण "पाय बरा होऊ दे, मग बघू," असं क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले ते कायमचंच. थोडं लंगडणं राहिलं, एवढंच. दर रविवारी हा हिनकलला जायचा, लंगडत धावायचा, दोर ओढून दुसऱ्यांना उडवायचा आणि घरी यायचा. बसायला पाय आड येत होता, ओढायला नाही! मी चिडून म्हणायची, "लाज कशी वाटत नाही? सुम्ने, गपगुमान घरी बस की." तो म्हणायचा, "घरी बसून कुणाचा नंबर लागलाय, गोदे?" केस पिकले, तरी हेच. मला त्या लोकांचा संताप यायचा, आणि खरं सांगते, त्याहून जास्त त्याचा.

अस्थी नरसीपूरच्या संगमावर न्यायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी हार घेऊन अण्णाच्या घरी आले. "अण्णा म्हणजे आमच्या क्लबाचा प्राण. मूठभर राख ग्लायडरमधून सोडावी म्हणतो."

मी उसळले. "जिवंतपणी माणसाला जागा नव्हती, आता राखेला झाली होय? चालते व्हा!"

वहिनी आतून एक पुरचुंडी घेऊन आली. "वन्सं, अडवू नका," ती म्हणाली. "त्यांचा नंबर लागलाय."

गेलो हिनकलला. पुरचुंडी आत ठेवली, एक तरुण साहेब बसला, माणसं दोराला लागली... आणि डाव्या बाजूला एक माणूस कमी पडला. सेक्रेटरी इकडेतिकडे बघत म्हणाले, "इथे नेहमी..." वहिनीने पदर खोचला आणि त्या रिकाम्या जागी जाऊन दोर धरला. मेल्यांनो, म्हणत मीही तिच्यामागे उभी राहिले. धावलो दोघी, ठेचकाळत, लुगडी सावरत. ग्लायडर उठलं. मी वर बघितलंच नाही. तळवे सोलून निघाले होते, आगडोंब उठला होता. "हे दर रविवारी करायचा तो?" मी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली. "रात्री मीच तूप लावायची हाताला." ती अजून वरच बघत होती. "पण त्यांना वर गेलेलं मात्र आज पहिल्यांदा पाहिलं."