नाकाने तपासलेले निबंध

निबंधाचा कागद नाकाशी धरून हुंगणारा मास्तर तुम्ही पाहिलाय का? आमच्या स्टाफरूममध्ये होता. मराठीचे सर. कागद उचलायचे, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि तो टेबलावर आपटून म्हणायचे, "माणसाचा वास नाही!"

ओझरच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमचं ज्युनियर कॉलेज. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय हो भौतिकशास्त्र, चहा घेणार?" म्हणायचे. पॅन्ट पोटाच्या वर, शर्टाच्या खिशात पेनांची रांग आणि त्यातलं एकही न चालणारं.

मुलांच्या मोबाइलमध्ये एआय आला आणि सरांच्या नाकाला उसंत मिळेना. अकरावीला त्यांनी 'माझे आजोबा' हा विषय दिला. वर्गातले सगळे आजोबा एकाच कारखान्यातून सुटे भाग आणून जोडल्यासारखे निघाले. सगळे पहाटे उठत, सगळे संस्कारांची शिदोरी देत, सगळ्यांचे हात खरबरीत आणि डोळे पाणीदार.

"अरे, एका तरी आजोबाला मूळव्याध असेल की नाही?" सर ओरडले. स्टाफरूममधल्या बायॉलॉजीच्या मॅडम डबा बंद करून बाहेर गेल्या.

मग एक कागद त्यांनी हुंगला. पुन्हा हुंगला. "भौतिकशास्त्र, इकडे या. माणूस सापडला!"

निबंध पिंपळगावजवळच्या एका वस्तीवरच्या मुलीचा होता. घरची फ्लॉवर-टोमॅटोची शेती. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं, की आजोबा दिवसभर मोबाइलवर नाचणाऱ्या बायकांचे रील बघतात आणि कोणी आलं की भजन लावतात. कवळी चहाच्या बशीत धुतात. आजी गेली तेव्हा रडले नाहीत, म्हैस गेली तेव्हा मात्र जेवण सोडलं. शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, की सरांनी लाल पेन शोधलंच नाही. शोधलं असतं तरी चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो निबंध भर वर्गात वाचून दाखवला. आवाज चढवून, हातवारे करून. कवळीच्या जागी तर तोंडातून दात काढल्याचा अभिनयही केला. वर्ग बाकांवर लोळला. एका पठ्ठ्याने व्हिडिओ काढला. संध्याकाळी तो गावाच्या ग्रुपवर फिरत होता, आणि तेव्हापासून मुलगी कॉलेजात यायची बंद झाली.

सरांनी निदान तयारच ठेवलं होतं. "म्हाताऱ्याने शिक्षण तोडलं पोरीचं. चला, स्कूटर काढा."

मी चालवत होतो आणि मागे बसून ते मुलींच्या शिक्षणावरच्या भाषणाची तालीम करत होते. उड्डाणपुलाखाली आम्ही अडकलो तेव्हा ते इतके रंगात आले, की शेजारच्या टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. सरांनी मान लववून त्या स्वीकारल्या.

आजोबा ओट्यावर बसले होते, हातात मोबाइल. आमची स्कूटर अंगणात शिरली आणि भजन सुरू झालं.

"बाबा," सरांनी घसा साफ केला, "आजच्या काळात मुलीला घरी बसवणं म्हणजे..."

"कोन बसवतंय?" आजोबा म्हणाले. "मी रोज सांगतो, जाय म्हणून. तीच जात नाय."

"पण तो व्हिडिओ..."

"पाह्यला ना. लय हसलो. दात काढायचं तुम्हाला नीट जमलं नाय पण." मग त्यांनी भजन बंद केलं. "म्हशीचं तेवढं लोकांत सांगायला नको व्हतं. ते माझ्या मनाचं हाय."

तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. सरांसमोर ग्लास ठेवून म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाले, खरं लिहा. वाचून दाखवणार असं नव्हते म्हणाले."

सरांनी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आता मी पण मोबाइलकडूनच लिहून घेईन. त्यात कोणाच्या घरचं काही बाहेर जात नाही."

प्राचार्यांना तोंडावर 'परिपत्रकसम्राट' म्हणणारा हा माणूस. त्याने कोणासमोर मान खाली घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणाले, "चुकलो गं मी. तू ये. माझं काय करायचं ते वर्गात कर."

सोमवारी ती आली. सरांनी तिला पुढे बोलावलं आणि खिशातून एक कागद काढून दिला. "'माझे वडील'. मी लिहिलाय. सगळं खरं आहे. वाच मोठ्याने." मग वर्गाकडे वळले. "काढा मोबाइल. करा रेकॉर्ड." माझा तास सोडून मी दारात उभा होतो.

ती मनातल्या मनात वाचू लागली. मोबाइल वर धरून पोरांचे हात दुखायला लागले. मध्येच तिने एकदा सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत खिशातली पेनं उगाच मोजत होते. शेवटपर्यंत वाचून तिने कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"सर, हे वर्गात नको."

आणि जागेवर जाऊन बसली. एकेक मोबाइल खाली गेला. सर फळ्याकडे वळले, आणि काही न लिहिता बराच वेळ फळाच पुसत राहिले.

त्यानंतर निबंध घेताना ते विचारू लागले, "वर्गात वाचू, की मी एकट्याने?" मशीनचे निबंध बंद झाले असं सांगायला मला आवडलं असतं, पण झाले नाहीत. फक्त काही कागद चारही बाजूंनी स्टेपल मारून येऊ लागले. ते सर घरी न्यायचे. मी एकदा हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय. तो कुरकुरतो, मध्येच अडतो आणि नेमक्या वेळी शाई संपली म्हणतो. मॅडम त्याच्यावर रोज चिडतात. मी मात्र मधल्या सुट्टीत त्याच टेबलाशी जाऊन बसतो. प्रिंटर चालू असला की टेबल जरा ऊबदार लागतं.